घाटात दम सोडणारा ट्रक आणि पंप उघडण्याची घाई

निफाड तालुक्यातील एका ट्रकमालकाच्या लांबलचक पत्रातला कामाचा भाग असा आहे:

‘माझी गाडी 2006 सालची टाटा 1613. इंजिन 697 टर्बो, पंप मायकोचा इनलाइन. कांदा भरून वाशीला उतरतो आणि परतीला भिवंडीतून मिळेल तो माल घेऊन येतो. तीन महिन्यांपासून भरलेली गाडी कसारा घाट चढताना दम सोडते. तिसऱ्या गिअरमध्ये चाललेली असते, अ‍ॅक्सिलरेटर दाबत जावे तसे इंजिन उचलायच्या ऐवजी बसत जाते, मग दुसरा, मग पहिला टाकावा लागतो. धूर अजिबात होत नाही. बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवली की पुन्हा ताकदीने निघते आणि तीन-चार किलोमीटरवर पुन्हा तेच. मोकळी गाडी सपाटीला झकास पळते. सकाळी अर्ध्या सेल्फवर चालू होते. दोन महिन्यांपूर्वी दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, त्यानंतर दोन खेपा बरी चालली. आमचे मिस्त्री म्हणतात, पंप गेला, उतरवून कॅलिब्रेशनला द्या, नोझलसकट पस्तीस हजारांची तयारी ठेवा. पंप द्यावा की गाडीच काढून टाकावी?’

पंप, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने डिझेल पाठवणारा इंजेक्शन पंप, आत्ता देऊ नका, आणि गाडी काढण्याचा विचार तर मुळीच करू नका. तुमच्या मिस्त्रींचा अनुभव मी कमी लेखत नाही. जुन्या मायको पंपाचे प्लंजर (डिझेल दाबणारे आतले दट्टे) झिजतात आणि गाडी दम सोडते, हे खरेच आहे. परंतु तुम्ही लिहिलेली लक्षणे एकत्र ठेवून पाहिली, तर संशय पंपाच्या आधीच्या भागावर जातो, म्हणजे टाकीतल्या सक्शन पाइपापासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) त्या थोड्याशा वाटेवर, जिच्याकडे गॅरेजमध्ये सहसा सगळ्यांत शेवटी पाहिले जाते. असे मला का वाटते ते आधी सांगतो, कारण ते पटल्याशिवाय तुम्ही मिस्त्रींसमोर ठाम राहू शकणार नाही.

पहिली गोष्ट धुराची. तुमच्या गाडीत कॉम्प्युटर नाही, त्यामुळे स्कॅनर लावून दोष वाचण्याचा प्रश्नच येत नाही. जे काही कळायचे ते सायलेन्सरच्या तोंडाशीच कळते. डिझेल पुरेसे पडते आहे पण हवा कमी पडते आहे, अशा वेळी न जळलेल्या डिझेलची काजळी होते आणि चढावर मागच्या गाडीला रस्ता दिसेनासा होईल इतका काळा धूर निघतो. तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला होस पाइप, झिजलेला टर्बो, डिझेल नीट न फवारणारे नोझल ही सगळी काळ्या धुराची घराणी आहेत. तुमच्या गाडीचा दम जातो आणि धूर मात्र होत नाही, याचा सरळ अर्थ असा की सिलिंडरमध्ये डिझेलच कमी पोहोचते आहे. म्हणून एअर फिल्टर आणि टर्बोवर मी या पत्रात वेळ घालवणार नाही. फिल्टर झटकून पाहा, पाइपांच्या क्लिपा आवळा आणि पुढे चला.

दुसरी गोष्ट, मोकळी गाडी झकास पळते ही. यावरून पुष्कळ लोक ‘डिझेल तर येतेय’ असा निष्कर्ष काढतात आणि तिथेच फसतात. साधा हिशेब करून पाहू. तुमच्या 1613 मधल्या 13 चा अर्थ 130 अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन. एवढी पूर्ण ताकद काढताना अशा इंजिनाला तासाला अंदाजे पंचवीस लिटर डिझेल लागते, म्हणजे मिनिटाला चारशे मिलिलिटरहून थोडे जास्तच. हेच इंजिन आयडलवर उभे असताना तासाला लिटर-दीड लिटरवर भागवते. मोकळ्या गाडीला गॅरेजच्या दारात कितीही रेस दिली, तरी घाटातल्या डिझेलच्या चौथ्या हिश्शाच्या आसपासच खर्च होतो. त्यातही फीड पंपाला जळते त्यापेक्षा जास्त डिझेल पुढे ढकलावे लागते, कारण पंपाच्या गॅलरीत (डिझेल साठणाऱ्या आतल्या पोकळीत) दाब टिकवून उरलेले डिझेल ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून टाकीत परत जात असते. तेव्हा वाटेत अशी काही अडचण असेल की जिच्यातून तासाला दहा-बारा लिटर आरामात जातात पण पंचवीस जात नाहीत, तर ती गाडी गॅरेजमध्ये निरोगी आणि घाटात आजारी असणार. गॅरेजच्या दारात रेस देऊन ‘इंजिन तर एकदम ओके आहे’ म्हणणाऱ्याचे म्हणूनच ऐकायचे नसते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची आहे आणि ती तुम्ही सहज ओघात लिहून गेलात: दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवली की गाडी पुन्हा ताकदीने निघते. पंपाचे झिजलेले प्लंजर पंधरा मिनिटांत भरून येत नाहीत. झिजलेला पंप काही महिन्यांत हळूहळू कमजोर होत जातो आणि त्याची खूण उलट असते. इंजिन गरम असताना डिझेल पातळ होते, झिजलेल्या प्लंजरमधून ते मागे गळते आणि गरम गाडी बंद करून लगेच चालू करायला गेले की सेल्फ फिरत राहतो. तुमची गाडी तर घाटात गरम असतानाच बंद करून पुन्हा ताकदीने निघते. थांबल्यावर बरी होणारी अडचण ही बहुतेक वेळा ओढीची अडचण असते. इंजिन चालू असताना फीड पंपाच्या ओढीने टाकीतला कचरा सक्शन पाइपाच्या जाळीला चिकटतो. इंजिन बंद केले की ओढ संपते, कचरा सुटून तळाशी बसतो आणि पुन्हा तीन-चार किलोमीटर निवांत जातात. फिल्टर बदलल्यावर दोन खेपा बऱ्या गेल्या, याचाही मेळ याच्याशी बसतो. वाटेतली एक अडचण तुम्ही कमी केलीत, म्हणून थोडे दिवस भागले, पण गाळ जिथून येतो ते ठिकाण तसेच राहिले.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या गाडीने धुळ्याच्या रस्त्यावर असाच छळ मांडला होता. एका गॅरेजमध्ये पंप उतरवला, नोझल बदलले, बिल भरले आणि पहिल्याच चढाला गाडी पुन्हा बसली. शेवटी वैतागून एका ढाब्यामागे सक्शन पाइप उपसून बाहेर काढला, तर जाळीला ओल्या कागदासारखी चिकटलेली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी, जेमतेम दोन बोटे रुंद. टाकीचे झाकण हरवले तेव्हा ड्रायव्हरने प्लास्टिकची पिशवी गुंडाळून तोंडात कोंबली होती आणि तिचाच तुकडा आत पडला होता. बोटाने ती पट्टी काढली आणि त्यानंतर ती गाडी मी विकेपर्यंत पंपाला कुणाचा हात लागला नाही.

आता करायचे काय ते सांगतो. एक शिस्त मात्र पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला, मग गाडी चालवून पाहा. चार गोष्टी एकाच दिवशी केल्या की गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कधीच कळत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सुरुवात फुकटच्या तपासण्यांनी करा. इंजिन बंद ठेवून एकाला केबिनमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगा आणि तुम्ही स्वतः पंपाच्या लिव्हरकडे पाहा. लिव्हर शेवटच्या स्टॉप स्क्रूला टेकला पाहिजे. बोटभर अंतर राहत असेल, तर पायाखालचे मॅट, वाकलेला ब्रॅकेट किंवा झिजलेला बॉल जॉइंट तुमची ताकद खातो आहे. तसेच इंजिन बंद करण्याची ओढायची केबल पाहा. गाडी वीस वर्षांची होत आली आहे, केबलच्या म्यानात गंज आणि धूळ बसलेली असते, आणि ती सोडल्यावर पूर्ण परत गेली नाही तर पंपाचा स्टॉप लिव्हर थोडासा बंद बाजूलाच राहतो. अशी गाडी चालते, पण अर्धपोटी चालते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर त्याची पाकळी पूर्ण उघडते का तेही बघून घ्या. चाके जाम धरतात का हे पाहायला दहा-वीस किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न वापरता थांबून, प्रत्येक हबजवळ हात न्या. एखादा हब हात जवळ नेववणार नाही इतका तापला असेल तर तो ब्रेक धरतो आहे. क्लचचा प्रश्न तुमच्याकडे नाही, कारण क्लच घसरत असता तर इंजिनाचा आवाज चढला असता आणि गाडी मागे राहिली असती. तुमचे इंजिनच बसते आहे.

यात काही सापडले नाही, आणि माझ्या अंदाजाने सापडणार नाही, तर घाटातच एक तपासणी करायची आहे, पण तिच्यासाठी योग्य क्षण पकडावा लागेल. पुढच्या वेळी गाडीने दम सोडला की रुंद, सुरक्षित जागा पाहून बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे द्या, आणि चहाची वाट न पाहता ताबडतोब दोन कामे करा. आधी टाकीचे झाकण हळूहळू फिरवा आणि कान जवळ ठेवा. हवा आत ओढली जाण्याचा ‘फुस्स’ असा आवाज आला, तर झाकणाचे श्वासाचे छिद्र बंद झाले आहे. डिझेल जाते तितकी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंप त्या पोकळीशी भांडत बसतो. असे असेल तर तुमचा सगळा आजार सुईएवढ्या छिद्रात आहे आणि औषध म्हणजे धुतलेले किंवा नवे झाकण.

लगेच दुसरे काम: इनलाइन पंपाच्या अंगावर बसवलेल्या फीड पंपाचा हाताचा प्रायमर (डिझेल हाताने ओढण्याचा छोटा दट्ट्या) फिरवून सोडवा आणि त्याची मूठ सावकाश वर ओढा. मूठ वर यायला जड जाते आणि सोडल्यावर रबराने बांधल्यासारखी खाली खेचली जाते, असे जाणवले तर टाकीच्या बाजूची वाट तुंबली आहे. वर सहज येते, पण खाली दाबताना लोखंडासारखी अडते, तर पुढचे फिल्टर तुंबले आहेत. वर-खाली दोन्हीकडे पोकळ, भुसभुशीत लागते आणि कितीही मारले तरी दाब येत नाही, तर कुठून तरी हवा ओढली जाते आहे किंवा फीड पंपाचे व्हॉल्व्ह बसत नाहीत. निरोगी गाडीवर हा प्रायमर आधी दोन-तीनदा मारून ठेवा, म्हणजे हाताला फरक ओळखता येईल. हे पंधरा मिनिटांनंतर केले तर काहीच कळणार नाही, कारण तोवर कचरा खाली बसलेला असेल आणि हाताला सगळे ठीकच लागेल. काम झाल्यावर प्रायमर पुन्हा पूर्ण आवळायला विसरू नका. तो सैल राहिला तर तिथूनच गाडी हवा घेईल.

हवेबद्दल दोन शब्द लिहितो, कारण बहुतेक मिस्त्री दुसरा आरोप तोच करतात. टाकी ते फीड पंप ही ओढीची बाजू आहे, तिथे फट पडली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. त्यामुळे ‘कुठे गळत तर नाही’ म्हणून निर्धास्त राहणे चूक आहे. मात्र हवा घेणाऱ्या गाडीत रात्रभर उभे राहिल्यावर डिझेल मागे टाकीत उतरते आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. तुमची गाडी अर्ध्या सेल्फवर चालू होते, म्हणून हवेची शक्यता मी खाली ठेवतो. पूर्ण सोडत नाही, कारण सक्शन पाइप टाकीच्या आत मध्यावर चिरला असेल तर टाकी भरलेली असताना काही कळत नाही आणि डिझेल चिरेच्या खाली गेले की गाडी हवा घेऊ लागते. तुमच्या पत्रात एक माहिती राहून गेली आहे: दम सुटतो तेव्हा टाकीत डिझेल किती असते? वाशीला जाताना भरता आणि परतीच्या घाटापर्यंत टाकी अर्ध्यावर येते, असे असेल तर हे लक्षात ठेवा. खात्री करायची तर फीड पंपाआधी वीतभर पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइप बसवून घ्या. एखाद-दुसरा बुडबुडा सोडून द्या. बुडबुड्यांची माळ लागली तर बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर बदला आणि जुना रबरी पाइप सरळ नवा टाका.

आता निर्णायक तपासणी. वीस लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात पेट्रोल पंपावरून थेट भरलेले डिझेल घ्या, फीड पंपाचा सक्शन पाइप टाकीऐवजी त्या कॅनमध्ये सोडा आणि रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच आणा. रिटर्न टाकीत राहू दिला तर कॅन पाहता पाहता रिकामा होईल आणि इंजिन हवा ओढून बंद पडेल. कॅन चॅसीला घट्ट बांधा, सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब ठेवा, झाकण नुसते टेकवलेले असू द्या म्हणजे हवा आत जाईल. तापलेल्या टर्बोवर सांडलेले डिझेल पेट घेते, म्हणून सोबत अग्निशामक ठेवा आणि हा प्रयोग कसाऱ्याला करू नका. गावाजवळचा एखादा लांब, कमी वर्दळीचा चढ निवडा आणि गाडीत नेहमीइतका माल भरूनच जा. मोकळ्या गाडीवर हा प्रयोग व्यर्थ आहे, ते वरच्या हिशेबावरून तुमच्या लक्षात आले असेलच. कॅनवर गाडी दम न सोडता चढली, तर टाकी आणि सक्शन पाइप दोषी ठरले आणि पंप सुटला. कॅनवरही बसली, तर टाकी निर्दोष आहे आणि आपण पुढे सरकू.

टाकी दोषी निघाली तर वाऱ्याने पाइप उलटा फुंकून मोकळे होऊ नका. कॉम्प्रेसरची हवा मारली की जाळीवरचा कचरा टाकीत परत पडतो, एक खेप सुखाची जाते आणि मालकाला वाटते काम झाले. शिवाय झाकण न उघडता जास्त दाबाने हवा मारून टाक्या फुगवलेल्या मी पाहिल्या आहेत. सक्शन पाइप वरून काढा, त्याची जाळी डोळ्यांनी पाहा, मग टाकी रिकामी करून उतरवा आणि डिझेलनेच दोन-तीनदा खळखळून धुवा. तळाचा ड्रेन प्लग उघडाल तेव्हा पहिले लिटरभर काचेच्या बरणीत घ्या आणि अर्धा तास स्थिर ठेवा: खाली पाण्याचा थर, वर डिझेल आणि दोघांच्या मधोमध काळपट, बुळबुळीत साय दिसली तर तो पाण्याच्या कडेने वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा गाळ आहे आणि तोच तुमचे नवे फिल्टर खातो आहे. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर पाणी होऊन उतरते, म्हणून मुक्कामाला टाकी शक्यतो भरून ठेवावी. महामार्गावर स्वस्तात मिळणारे ‘बायोडिझेल’ भरण्याची सवय असेल तर ती सोडा. त्यातला चांगला मालदेखील जुन्या टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ सोडवून फिल्टरकडे पाठवतो आणि जुनी रबरे फुगवतो, मग वाईट मालाचे काय सांगावे. आणखी एक गोष्ट कुणी कितीही ‘मी करतो ना’ म्हटले तरी मानायची नाही: टाकीला भोक किंवा चीर सापडली तर ती वेल्डिंग करू देऊ नका. रिकाम्या डिझेल टाकीतली वाफ ठिणगीने फुटते आणि जवळचा माणूस जातो.

टाकी स्वच्छ झाल्यावर दोन्ही फिल्टर पुन्हा नवे घाला, फीड पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असेल तर तीही काढून धुवा (ही जाळी कित्येक गाड्यांत कारखान्यातून निघाल्यापासून कुणी पाहिलेली नसते) आणि एअर नीट काढा. फिल्टर दोन महिन्यांपूर्वीच बदलले होते म्हणून कुरकुर करू नका. ते आत्तापर्यंत गाळाने भरले असणार आणि त्यांची किंमत पस्तीस हजारांपुढे चिल्लर आहे.

कॅनवरही गाडी बसली असे मानू. मग पंपवाल्याकडे जाण्याआधी दाबाचा गेज लावून घ्या. फिल्टरनंतर, पंपाच्या गॅलरीत डिझेल शिरते तिथे गेज बसवून त्याचा पाइप केबिनपर्यंत आणता येतो. डिझेलचे काम करणाऱ्या बऱ्याच दुकानांत तो मिळतो. या घडणीच्या पंपात तिथे सर्वसाधारणपणे एक ते दीड बारच्या आसपास दाब असतो, नेमका आकडा तुमच्या पंपाच्या नंबरवरून पंपवाला सांगेल. मला आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची वाटते. चढावर इंजिन बसू लागले आणि काटाही शून्याकडे पडला, तर फीड पंप, त्याचे व्हॉल्व्ह किंवा ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची मेलेली स्प्रिंग यांत दोष आहे आणि ही दुरुस्ती पंप न उघडता होते. काटा जागचा हलला नाही आणि तरी इंजिन बसले, तर मात्र डिझेल पंपापर्यंत व्यवस्थित येऊन पुढे जात नाही असे ठरले.

तेव्हाही एक गोष्ट पंपाच्या बाहेर शिल्लक राहते. टर्बोच्या पुष्कळ गाड्यांत पंपाच्या गव्हर्नरवर (डिझेल कमी-जास्त करणारा भाग) एक चपटी डबी असते आणि इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डपासून तिच्यापर्यंत एक बारीक पाइप येतो. टर्बोचा दाब त्या पाइपातून डबीतल्या पडद्यावर येतो आणि तो दाब आला तरच पंप पूर्ण डिझेल सोडतो. पाइप तुटला, बॅन्जोत काजळी बसली किंवा पडदा फाटला की पंपाला वाटते टर्बो अजून उठलाच नाही, आणि तो डिझेल रोखून धरतो. ताकद नाही आणि धूरही नाही. लक्षण हुबेहूब तुमच्यासारखे, पण तो दोष थांबून बरा होत नाही, म्हणून मी तो इतका खाली ठेवला. तुमच्या पंपावर अशी डबी असली तर तो पाइप काढून फुंकून पाहायला पाच मिनिटे लागतात.

या सगळ्या धावपळीत कुणीतरी एक सोपा उपाय सुचवेलच: ‘पंपाचे सील तोडून डिझेल थोडे वाढवून देतो, गाडी घाटात उडत जाईल.’ ते अजिबात करू देऊ नका. उपाशी पंपाचा स्क्रू फिरवून आज काही मिळणार नाही, पण उद्या टाकी साफ झाली की तोच वाढवलेला स्क्रू गरजेपेक्षा जास्त डिझेल ओतेल, धूर 65 हार्ट्रिजच्या (धुराची दाटी मोजण्याचे एकक) मर्यादेबाहेर जाऊन पीयूसी आणि पासिंग अडेल आणि लांब चढावर पिस्टनचे डोके वितळण्यापर्यंत वेळ येईल. दुसरी सावधगिरी: कोणता नोझल मेला आहे हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर पाइपांचे नट एकेक सैल करण्याची पद्धत आहे, ती माहितगार मिस्त्रींनाच करू द्या आणि क्लीनरचा हात तिथे जाऊ देऊ नका. नोझलच्या पाइपातले डिझेल कातडीत सुईसारखे घुसते, वरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि बोट कापण्याची पाळी येते. असे कुणाला झालेच तर वेदना नाही म्हणून न थांबता त्याच तासात मोठ्या रुग्णालयात न्या.

इतके करून पंपच दोषी ठरला, तर मग पस्तीस हजार द्यायला माझी हरकत नाही, पण अटी घालून द्या. पंप आणि नोझल एकाच ठिकाणी, एकत्र द्यावेत. पंप खोलण्यापूर्वी तो जसा आहे तसा बेंचवर लावून सहाही सिलिंडरांच्या लाइनींतून पडणाऱ्या डिझेलचे माप तुमच्या समोर घ्यायला सांगा आणि तो कागद मागून घ्या, काम झाल्यावर दुसरा कागद घ्या. पहिल्या कागदावर सहा मापे एकमेकांशी जुळती आणि पंपाच्या ठरलेल्या मापाच्या जवळ असतील, तर पंप तिथूनच परत आणा; दुकानदार नाराज होईल, होऊ द्या. बदललेले प्लंजर आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह जुन्या कापडात बांधून ताब्यात घ्या. पंप परत बसवताना टायमिंगची (डिझेल कोणत्या क्षणी फवारायचे त्याची) खूण मिस्त्रींनी डोळ्यांदेखत जुळवली पाहिजे, कारण टायमिंग मागे पडले तर पांढुरका धूर, तापणारे इंजिन आणि पुन्हा कमी ताकद, असा नवा गुंता सुरू होतो.

तुमच्या मिस्त्रींना हे पत्र दाखवायला संकोच करू नका. 697 हे टाटांच्या मर्सिडीजशी असलेल्या सहकार्याच्या काळातल्या, 97 मिलिमीटर बोअरच्या जुन्या सहा सिलिंडरी इंजिनाच्या वंशातले इंजिन आहे, 1954 ते 1969 पर्यंतच्या त्या कराराचा वारसा आपल्या गॅरेजांत अजून चालतो आहे, आणि त्याच्यावर हात बसलेले मिस्त्री आता कमी होत चालले आहेत; त्यांना दुखवण्यापेक्षा ‘आधी कॅन लावून बघू, मग पंपाचे ठरवू’ एवढेच म्हणा. टाकी उतरवेपर्यंत परतीचा जड माल घेऊन कसारा चढू नका, निमे वजन घ्या किंवा मोकळे या. तोवर एखादी खेप टाळता येणारच नसेल, तर एक डिझेल फिल्टर, दोन तांब्याचे वॉशर, प्रायमरला लागणारा पाना आणि चाकांचे दोन ठोकळे सीटखाली ठेवा, आणि झाकण उघडल्यावर आवाज आला का, प्रायमरची मूठ कशी लागली, टाकीत डिझेल किती होते, हे तिथल्या तिथे वहीत लिहून मला कळवा.